चिकन चोथा होतंय? शिजवायच्या आधी मिठाच्या पाण्यात ठेवा

जिमवाल्यांचं बोनलेस ब्रेस्ट घ्या नाहीतर घरच्या ओव्हनमधलं तंदुरी घ्या, तक्रार एकच असते, वरून दिसतं मस्त पण आत कोरडं ठक्क, घास खाली उतरायला पाणी लागतं. मग कोणी म्हणतं दही जास्त घाल, कोणी म्हणतं पपई लाव, कोणी म्हणतं गॅस बारीक ठेव. हे सगळं आपापल्या जागी ठीकच आहे, पण ह्या सगळ्याच्या आधी करायचं एक काम आहे जे जवळपास फुकट आहे आणि ज्यात काही कसब लागत नाही. मोजून केलेल्या मिठाच्या पाण्यात चिकन ठराविक वेळ फ्रिजमधे ठेवायचं, बस. ह्याला ब्राइन करणं म्हणतात. नाव नवीन वाटलं तरी काम ओळखीचं आहे, मासे-मटण घरी आलं की मीठ-हळद चोळून झाकून ठेवायचं हे आपल्याकडे सगळेच करतात. फक्त तिथे मीठ चिमटीच्या अंदाजाने पडतं आणि वेळ म्हणजे वाटण होईपर्यंत. इथे वजनकाटा आणि घड्याळ लागतं, बाकी काही नाही.

आत नक्की काय होतं

हे आधी सांगतो कारण एकदा कळलं की प्रमाणं पाठ करत बसावं लागत नाही. मांस म्हणजे प्रोटीनचे बारीक धागे आणि त्यांच्यात धरून ठेवलेलं पाणी. कच्च्या चिकन ब्रेस्टच्या वजनात साधारण तीन चतुर्थांश पाणीच असतं. आच लागली की धागे आकसतात आणि पाणी बाहेर ढकलतात, तव्यावर चिकन टाकल्यावर जे पाणी सुटतं ना, तेच हे. लेग पीसमधे चरबी आणि कोलॅजन (स्नायूंना बांधून ठेवणारं प्रोटीन) असतं म्हणून तो थोडा जास्त शिजला तरी निभावून नेतो, ब्रेस्टमधे दोन्ही नावालाच, त्यामुळे दोन मिनिटं इकडे तिकडे झाली की चोथा.

मीठ आत शिरलं की ह्या धाग्यांमधली काही प्रोटीनं विरघळतात, धाग्यांची घट्ट बांधणी सैल पडते, ते फुगतात आणि जास्त पाणी धरतात. वर शिजताना आकसतातही कमी. म्हणजे फायदा दोन बाजूंनी, आधी थोडं पाणी आत येतं आणि नंतर कमी बाहेर जातं. बऱ्याच जणांनी हे ऑस्मोसिसमुळे होतं असं ऐकलेलं असतं, पण शाळेतला बेदाण्याचा प्रयोग आठवा, पाणी नेहमी कमी खारट बाजूकडून जास्त खारट बाजूकडे जातं. त्या हिशोबाने चिकनमधलंच पाणी बाहेर यायला पाहिजे आणि अगदी सुरुवातीला थोडं येतंही. खरं काम मीठ आत जाऊन प्रोटीन बदलल्यामुळे होतं.

अजून एक, आत फक्त मीठ जातं, मसाला जात नाही. मिठाचे कण इवलेसे असतात, ते वेळ दिला की खोलवर पोचतात. गरम मसाला, तमालपत्र, मिरी ह्यांचा स्वाद जास्तीत जास्त वरच्या एक-दोन मिलिमीटरला लागतो. पाण्यात चक्रीफूल तरंगत असलेले फोटो छान येतात पण ते चक्रीफूल बिर्याणीसाठी ठेवा, तिथे त्याचा उपयोग आहे. लसूण ठेचून घातला तर थोडा वास लागतो, हौस असेल तर घाला.

कशाला करायचं आणि कशाला नाही

ब्रॉयलर चिकनला हे सगळ्यात जास्त लागू पडतं. ब्रेस्ट, अख्खं चिकन, तंदुरीसाठी लेग, फ्राय करायचे पीस, कबाबाचे बोनलेस तुकडे. पोर्क चॉप्स हे दुसरं, त्यातही चरबी कमी असली की हमखास वातड होतात, त्यांना तर करायलाच पाहिजे.

गावठी कोंबडीला मात्र ब्राइन करून ती मऊ होईल ही आशा सोडा. तिची गोष्ट वेगळी आहे, तिथे अडचण पाण्याची नाही तर स्नायूंना बांधून ठेवणाऱ्या कोलॅजनची आहे आणि कोलॅजन वितळायला मंद आचेवर वेळच द्यावा लागतो. मटणाचंही तेच. मटण कुकरमधे किंवा मंद आचेवर शिजवणार असाल तर पाण्यात बुडवून ठेवण्यात काही अर्थ नाही, आणि कोल्हापुरी पद्धतीने आधी अळणी काढून त्यातून तांबडा-पांढरा करणार असाल तर अजिबातच करू नका, कारण ब्राइन केलेल्या मटणातलं मीठ सगळं त्या पाण्यात उतरणार आणि मग रस्सा गोड्या पाण्याने सारखा करता करता त्याची चव जाणार. मटणाला नुसतं मीठ-हळद चोळून रात्रभर फ्रिजमधे ठेवा, तेवढं पुरतं. मटणाच्या चॉप तव्यावर किंवा ग्रिलवर करायच्या असतील तरी हेच.

रस्सा भाजीच्या चिकनला, म्हणजे करी कटला, मी स्वतः ब्राइन करत नाही. पीस मिठाच्या रश्श्यातच शिजतात आणि कोरडेपणा रश्श्यात झाकला जातो. पण छातीचे पीस वेगळे काढून शेवटच्या दहा-बारा मिनिटांत टाका, त्याने जास्त फरक पडेल.

आता महत्त्वाचं, पॅकेटमधलं चिकन आणलं असेल तर मागे घटक वाचा. मीठ, सोडियम फॉस्फेट वगैरे लिहिलेलं असेल तर त्यात आधीच मिठाचं पाणी मारलेलं आहे, त्याला परत ब्राइन केलं तर खारट होणार. अमेरिकेत राहणाऱ्यांनी हे जास्तच बघायला हवं, तिकडे टर्की आणि चिकन बऱ्याचदा असं सोल्युशन टोचलेलं मिळतं, लेबलवर किती टक्के ते लिहिलेलं असतं. कोशर, म्हणजे ज्यू धर्माच्या नियमांप्रमाणे कापलेलं, चिकनही आधी मीठ लावलेलंच असतं.

आणि आपल्याकडच्या ताज्या कापलेल्या चिकनबद्दल. समोर कापून घेतलेलं चिकन तासाभरात शिजायला टाकलं तर ते चिवट लागू शकतं, त्यात मसाल्याचा काही दोष नाही. प्राणी मेल्यावर स्नायू आधी ताठरतात आणि मग सैल पडतात, चिकनमधे ह्याला काही तास लागतात. म्हणून रविवारी सकाळी नऊला आणलेलं चिकन लगेच दहाला तव्यावर टाकण्यापेक्षा चार-पाच तास फ्रिजमधे राहू द्या. ब्राइनचा वेळ ह्यातच धरला जातो, वेगळा काढावा लागत नाही.

सामान

मीठ कुठलंही चालतं. आयोडीनवालं बारीक मीठ उत्तम, लगेच विरघळतं. जाडं समुद्री मीठ चालतं पण ते गरम पाण्यात विरघळवावं लागतं. सैंधव चालतं, उगाच महाग पडतं, कारण शेवटी जे काम करतं ते सोडियम क्लोराईडच. काळं मीठ नको, अंड्यासारखा वास येतो. लो-सोडियम मीठ नको, त्यात पोटॅशियम क्लोराईड असतं, कडवट लागतं आणि किडनीचा त्रास असलेल्यांना ते धोक्याचं ठरू शकतं.

मोजायचं कसं तर वजनाने. बारीक मिठाचा एक सपाट टीस्पून साधारण ६ ग्रॅम आणि सपाट टेबलस्पून साधारण १८ ग्रॅम भरतो, पण आपल्या घरातला पोह्याचा चमचा आणि वाटी ह्यांचं माप प्रत्येक घरात वेगळं, त्यामुळे डिजिटल वजनकाटा असेल तर तो काढाच, नसेल तर दोन-चारशे रुपयांत साधा मिळून जातो. अमेरिकन व्हिडिओत 'एक कप मीठ' सांगितलं की डोळे झाकून घालू नका. तिकडे हलकं पापुद्र्याचं कोशर मीठ वापरतात, काही ब्रँडचा एक कप १४० ग्रॅमच्या आसपास भरतो, आपलं बारीक मीठ त्याच कपात ३०० ग्रॅमच्या जवळ जातं. दुप्पट! लोकांचं पहिलं ब्राइन खारट होऊन जे मन उडतं ते बहुतेक ह्याच कपामुळे.

भांडं स्टीलचं, काचेचं किंवा खाण्याच्या दर्जाचं प्लास्टिकचं. ॲल्युमिनियमचा टोप, हिंडालियम, लोखंडी कढई, कल्हई उडालेलं पितळ ह्यात मिठाचं पाणी तासन्‌तास ठेवू नका, धातू खाल्ला जातो आणि चव बिघडते. फ्रिजमधे जागा नसेल तर जाड झिप पिशवीत चिकन आणि पाणी भरून, हवा काढून, ती पिशवी एखाद्या खोलगट भांड्यात ठेवा. पिशवीत पाणीही कमी लागतं.

आणि फ्रिज. हे ऐच्छिक नाही. फ्रिज ४ डिग्रीला किंवा त्याच्या खाली पाहिजे. 'मिठात आहे, काही होत नाही' असं म्हणून ओट्यावर ठेवायचं नाही, पाच-सहा टक्के मिठात जंतू मरत नाहीत आणि आपल्याकडे मे महिन्यात स्वयंपाकघर ३५ डिग्रीच्या वर असतं. लाईट गेली तर फ्रिज उघडू नका, बंद फ्रिज साधारण चार तास थंडी धरतो. त्याहून जास्त वेळ गेली असेल तर ते चिकन टाकून द्या, जीव हळहळला तरी.

आता प्रत्यक्ष

एक किलो चिकनला एक लिटर पाणी आणि ५० ग्रॅम मीठ, म्हणजे पाच टक्क्यांचं ब्राइन. तुलनेसाठी सांगतो, समुद्राचं पाणी साधारण साडेतीन टक्के खारट असतं, तर हे समुद्राहून खारट लागायला पाहिजे. हवा असेल तर २० ग्रॅम गूळ किंवा साखर घाला, त्याने चिकन मऊ वगैरे होत नाही पण भाजताना रंग चांगला येतो आणि खारटपणाची धार जरा कमी होते. लिंबू-व्हिनेगर ब्राइनमधे नको, जास्त वेळ आंबटात राहिलं की वरचा थर पिठूळ होतो. आंबट नंतर मसाल्यात घाला.

पहिलं, पाणी करून घ्या. बारीक मीठ असेल तर गार पाण्यात ढवळलं की झालं, उकळायची गरज नाही. जाडं मीठ किंवा गूळ असेल तर पाव लिटर पाणी गरम करून त्यात विरघळवा आणि उरलेलं पाऊण लिटर फ्रिजमधलं गार पाणी किंवा बर्फ मोजून त्यात घाला. बर्फही वजनात धरायचा, वितळला की तो पाणीच. मिश्रण पूर्ण थंड झाल्याशिवाय चिकन आत जाणार नाही, कोमट पाण्यात तर मुळीच नाही.

दुसरं, चिकन तयार करा. फ्रोझन असेल तर आदल्या रात्री खालच्या कप्प्यात सुटायला ठेवा. ब्रेस्ट एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असतो, तो आडवा कापून पुस्तकासारखा उघडा किंवा जाड बाजू पिशवीखाली लाटण्याने हलकी ठोका म्हणजे मीठही सारखं जाईल आणि नंतर शिजेलही सारखं. तंदुरीच्या लेगला चिरा द्यायच्या तर आत्ताच द्या, पण मग वेळ कमी करायचा कारण चिरांतून मीठ पटकन आत जातं. धुण्याबद्दल, नळाखाली जोरात धुतलं की शिंतोडे ओट्यावर आणि शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात, जंतू त्यातूनच पसरतात. चिकनमधले जंतू धुवून जात नाहीत, शिजवल्यावर मरतात. तरी चिकन धुतल्याशिवाय घ्यायला आपल्या घरात कोणी तयार होत नाही हे मला माहितीये, तर निदान पातेल्यातल्या पाण्यात हलक्या हाताने खळबळवा आणि सिंक नंतर साबणाने घासा.

तिसरं, बुडवा. सगळे पीस पाण्याखाली पाहिजेत, वर तरंगत असतील तर वरून एक छोटी ताटली ठेवा. झाकण लावून फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, म्हणजे सांडलंच तर दुधावर किंवा भाजीवर ठिबकणार नाही.

चौथं, वेळ. ह्यात चुकलं की सगळं चुकतं. बोनलेस तुकडे, टिक्क्याच्या आकाराचे, ३० ते ४५ मिनिटं. अख्खा ब्रेस्ट एक ते दीड तास. लेग पीस दीड ते दोन, चिरा असतील तर एक तास. पोर्क चॉप दोन ते चार तास, जाडीप्रमाणे. किलोभराचं अख्खं चिकन चार ते सहा तास, चिकन पूर्ण बुडेल एवढं पाणी लागत असेल तर दीड-दोन लिटर घ्या पण प्रमाण लिटरला ५० ग्रॅमच. फोनवर अलार्म लावा. ब्रेस्ट ह्या पाण्यात रात्रभर राहिला तर खारट तर होतोच, वर पोत हॅमसारखा रबरी होतो आणि मग त्यावर काही उपाय नाही. वेळेआधी काढावं लागलं तर बिनधास्त काढा, थोडं कमी झालं तरी फायदा मिळतोच.

पाचवं, काढून निथळा आणि टिपा. वर सांगितलेल्या वेळेत काढलं असेल तर परत धुवायची गरज नाही. चाळणीत पाच मिनिटं निथळू द्या, मग टिश्यूने किंवा नंतर उकळून धुवायच्या सुती फडक्याने दाबून दाबून कोरडं करा. हे काम लोक टाळतात. ओलं चिकन तव्यावर टाकलं की आधी वाफ होते, भाजणं नंतर, आणि भाजण्याची वाट बघता बघता आतलं जास्त शिजून जातं, म्हणजे केलेलं सगळं पाण्यात. वेळ असेल तर टिपलेले पीस जाळीवर ठेवून अर्धा-पाऊण तास उघडे फ्रिजमधे ठेवा.

ब्राइनचं पाणी टाकून द्यायचं. परत वापरायचं नाही, रश्श्यात घालायचं नाही, कुंडीत तर अजिबातच ओतायचं नाही.

विसराळू लोकांसाठी दुसरी पद्धत

ऑफिसला जाणाऱ्यांना तासाचा अलार्म जमत नाही, त्यांच्यासाठी ही बरी. इथे पाणी आणि चिकन दोन्हींचं वजन एकत्र धरायचं आणि त्याच्या सव्वा टक्का मीठ घ्यायचं. एक किलो चिकन आणि एक लिटर पाणी म्हणजे दोन किलो, त्याला २५ ग्रॅम मीठ. अर्धा किलो चिकन आणि अर्धा लिटर पाण्याला साडेबारा ग्रॅम, म्हणजे दोन सपाट टीस्पून. रात्री जेवण झाल्यावर टाकायचं, सकाळी काढायचं. मीठ दोन्हीकडे सारखं वाटलं गेलं की थांबतं, त्यामुळे आठ तास झाले काय नि बारा झाले काय, ठरलेल्या खारटपणाच्या पुढे चिकन जाऊच शकत नाही. नवीन माणसाने पहिल्यांदा हीच करावी असं माझं मत आहे, पाच टक्क्यांची पद्धत घाईची आहे आणि घाईत चुका होतात.

पाणी न वापरता करायचं असेल तर नुसतं मीठ चोळायचं, चिकनच्या वजनाच्या सव्वा ते दीड टक्का, म्हणजे किलोला १२ ते १५ ग्रॅम, हाडं असलेल्या पीसला थोडं कमी. आपल्या मीठ-हळदीचंच हे मोजून केलेलं रूप. सुरुवातीला मीठ पाणी बाहेर ओढतं, पीस ओले दिसायला लागतात, मग तेच खारट पाणी हळूहळू परत आत जातं. म्हणून मीठ लावल्यावर एकतर लगेच शिजवायला घ्या नाहीतर किमान पाऊण तास थांबा, मधल्या पंधरा-वीस मिनिटांत शिजवणं सगळ्यात वाईट कारण तेव्हा रस बाहेर आलेला असतो. अख्ख्या चिकनला रात्रभर, उघडं, जाळीवर. वजन पाण्यासारखं वाढत नाही पण चिकनची चव पातळ होत नाही आणि स्किन कुरकुरीत होते. आता आपल्याकडे चिकनवाला विचारायच्या आधीच स्किन ओढून काढतो, त्यामुळे 'दादा, स्किनसकट द्या, फक्त पिसं नीट काढा' हे आधीच सांगायचं.

तळलेलं चिकन करणार असाल तर पाण्याऐवजी ताक घ्या. घरचं साधं पातळ ताक अर्धा लिटर, मीठ १० ते १२ ग्रॅम, हवं तर लाल तिखट, अर्धा किलो लेग पीस, चार तास ते रात्रभर. अमेरिकेच्या दक्षिण भागात फ्राइड चिकनसाठी हेच करतात. ताकाचा आंबटपणा सौम्य असल्यामुळे लिंबासारखी गडबड होत नाही आणि पीठ चिकटायला ओलावाही आयता मिळतो, म्हणून हे टिपून कोरडं करायचं नाही, नुसतं झटकून पिठात. पॅकेटचं मसाला ताक घेऊ नका, त्यात मीठ असतंच.

शिजवताना

पहिला नियम, मसाल्यात मीठ घालू नका. दह्याच्या मॅरिनेशनमधे शून्य मीठ. तयार तंदुरी मसाला, चिकन ६५ चं पाकीट, सोया सॉस ह्या सगळ्यांत मीठ असतं, ते वापरताना निम्म्याने सुरू करा. मसाला लावून झाला की चिकन चाखता येत नाही पण एक छोटा तुकडा तव्यावर भाजून चाखता येतो, शंका असेल तेव्हा तेच करा.

तव्यावरचा ब्रेस्ट, उघडून दीड-दोन सेंटीमीटर जाडीचा केलेला, मध्यम आचेवर तेल लावून एका बाजूने चार-पाच मिनिटं, पलटून तीन-चार मिनिटं. टाकल्यावर हलवत बसू नका, रंग आला की तो आपोआप सुटतो. काढून पाच मिनिटं ताटलीत राहू द्या मग कापा. ओव्हनमधे किंवा एअर फ्रायरमधे लेग पीस २०० डिग्रीला ३५ ते ४० मिनिटं लागतात, एअर फ्रायर लहान असेल तर पाच-सात मिनिटं आधीच बघा.

खरं तर मिनिटांपेक्षा थर्मामीटर घ्या. टोचायचा किचन थर्मामीटर फार महाग नसतो आणि ब्राइननंतर सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो. ब्रेस्टच्या सगळ्यात जाड भागात ७४ डिग्री दिसले की उतरवा, तिथे चिकन सुरक्षित असतं. लेग मात्र ८० च्या वर जाऊ द्या, कोलॅजन सुटून तो उलट मऊ लागतो. हाडाजवळ लालसर दिसलं म्हणून कच्चं समजू नका, लहान वयाच्या ब्रॉयलरमधे हाडातला रंग बाहेर येतो, आकडा बरोबर असेल तर झालंय. ब्राइनमुळे चुकीला थोडी जागा मिळते, म्हणजे ८० ला गेलेला ब्रेस्टही खाण्यासारखा राहतो. पण त्याला अर्धा तास मोठ्या आचेवर ठेवलात तर मीठ काय करणार.

काही गडबड झाली तर

खारट झालं, पण अजून कच्चंच आहे, तर अर्धा तास गार साध्या पाण्यात फ्रिजमधे ठेवा, थोडं मीठ उतरतं. शिजल्यावर कळलं तर बारीक तोडून बिनमिठाच्या पुलावात किंवा दही-काकडीबरोबर पोळीच्या रोलमधे घाला. वरून पिठूळ झालं असेल तर ते जास्त वेळाचं किंवा आंबटाचं काम आहे, पपई लावली असेल तर पपईचं. पपईतलं एन्झाइम प्रोटीन तोडतं, ते मटणाच्या सीख कबाबाला ठीक, ब्राइन केलेल्या ब्रेस्टला त्याची काही गरज नाही. काही फरकच जाणवला नाही असं वाटत असेल तर बहुधा चिकन आधीच सोल्युशनवालं होतं किंवा जास्त शिजलं.

घरात कोणाला बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर हिशोब करून बघा. सव्वा टक्क्याच्या पद्धतीने २०० ग्रॅम चिकनमधे अडीच ग्रॅम मीठ जातं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे निम्मं एका बैठकीत संपलं. त्यांच्यासाठी पाऊण टक्का करा किंवा त्यांचे पीस वेगळे काढा.

मासे आणि कोळंबी

हे पटकन उरकतो कारण इथे वेळ मिनिटांत आहे. सुरमई, रावस, हलव्याच्या तुकड्या पाच टक्क्यांच्या गार पाण्यात १० मिनिटं, फार तर १५. तुकडी तव्यावर फुटत नाही आणि ती पांढरी साय वर येते ना, ती कमी येते. मग टिपून नेहमीसारखं हळद, तिखट, आगळ किंवा लिंबू, फक्त मीठ नाही. कोळंबीला पाणी नको, सोललेल्या पाव किलोला अर्धा टीस्पून मीठ आणि पाव टीस्पून खायचा सोडा चोळून १५ ते २० मिनिटं फ्रिजमधे, शिजल्यावर कुरकुरीत दाताखाली येते, चायनीज हॉटेलातल्यासारखी. सोडा ह्यापेक्षा जास्त नको, साबणासारखी चव येते.

ओल्या बोंबलाला मात्र ह्यातलं काहीही करू नका. त्याच्या अंगातच इतकं पाणी असतं की आपल्याला ते उलट काढायचं असतं, काटा काढून, मीठ लावून, दोन फडक्यांमधे घालून वर पाटा किंवा भरलेला टोप ठेवायचा, पाणी निघालं की रवा लावून तळायचं.